आत्माराम काकांनी न टाकलेलं बास्केट

आत्माराम काकांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं बास्केट मी टाकलं. तेही त्यांच्या नावावर, जेसल पार्कातल्या माझ्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून, चहा पिता पिता.

झालं असं, की आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. सेक्रेटरी सुभाष नाईकांनी स्मरणिका काढायचं ठरवलं. तिच्यात सोसायटीतल्या एका कर्तबगार माणसावर लेख हवा होता. असा माणूस शोधायला फार हिंडावं लागलं नाही. ए विंगमधले आत्माराम पवसकर एका सरकारी कंपनीच्या टीममधून चौदा वर्षं बास्केटबॉल खेळलेले. सहा फूट दोन इंच. आमच्या लिफ्टमधला ट्यूबलाइट स्टुलाशिवाय बदलणारा एकमेव सभासद. लेखासाठी माझी निवड झाली, कारण मी लांज्याच्या शाळेत शिकलोय. "तुम्हा गावाकडच्या पोरांचं मराठी चांगलं असतं, कौस्तुभ," नाईक म्हणाले. आमच्या शाळेत बास्केटबॉलच्या नावाने एक खांब होता, त्याला जाळी नव्हती आणि रिंगला पीटीचे सर छत्री अडकवायचे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दोन संध्याकाळी काकांकडे बसलो. माजी खेळाडूची मुलाखत म्हणजे तो बोलत राहणार आणि आपण फक्त माना डोलवायच्या, अशी माझी समजूत. काका बोलायचे, पण दुसऱ्यांबद्दलच. अमक्याची उडी कशी होती, तमक्याचा डावा हात कसा चालायचा, पंजाबचा एक जण घाम पुसायला पूर्ण चादर घेऊन यायचा. "आणि तुम्ही?" विचारलं की म्हणायचे, "मी काय, मी बॉल आणून द्यायचो."

काम तेच होतं त्यांचं. एकविसाव्या वर्षी कंपनीने खेळाडू म्हणून नोकरीला घेतलं. सकाळी डिस्पॅच सेक्शनमध्ये पाकिटांवर शिक्के, दुपारनंतर मैदानावर प्रॅक्टिस. टीममध्ये ते पॉइंट गार्ड. म्हणजे बॉल पुढे आणायचा, मोकळा गडी कोण ते बघायचं आणि त्याला पास द्यायचा. टाळ्या त्या गड्याला. चौदा वर्षांत त्यांच्या नावावर पॉइंट इतके कमी, की पेपरात त्यांचं नाव आलं ते बहुतेक वेळा 'आणि इतर' मध्ये.

"घरातही तसंच," सुचेता काकू आतून म्हणाल्या. "भाजीचं पातेलं यांच्यासमोर ठेवलं की हे पुढे सरकवतात. स्वतःच्या ताटात घ्यायचं लक्षात राहत नाही. लग्नानंतर पहिलं वर्षभर मला वाटायचं, माझ्या हातचं आवडत नाही."

"आवडायचं," काका म्हणाले.

"हे पस्तीस वर्षांनी सांगतायत!"

दुसऱ्या संध्याकाळी मात्र ते जरा रंगले. "एक्क्याण्णवची फायनल," ते म्हणाले. "एका पॉइंटने मागे. चार सेकंद उरलेत. बॉल माझ्या हातात…" आणि बेल वाजली. गॅसवाला आला होता. काका सिलिंडर आत घ्यायला गेले, परत आले ते सिलिंडरचं वजन कमी भरतं का यावर बोलत. मी पुन्हा विचारलं नाही. चार सेकंद उरलेत, बॉल हातात आहे, मॅच जिंकली हे आधी कळलेलं. उरलेलं लिहायला मी समर्थ होतो. "क्षणभर मैदान स्तब्ध झालं," मी लिहिलं, "आणि पवसकरांनी बॉल बास्केटमध्ये टाकला." नाईकांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते गेटवरच्या फ्लेक्सवरही छापलं. काकांच्या फोटोखाली. पिवळ्या अक्षरात.

फ्लेक्स शुक्रवारी लागला, स्मरणिका त्याच रात्री घरोघर गेली. कार्यक्रम रविवारी होता. शनिवारी सकाळी काका माझ्या दारात. हातात स्मरणिका.

"कौस्तुभ, हे बास्केट कोणी टाकलं?"

"तुम्ही, काका."

"मी नाही टाकलं. मी पास दिला. टाकलं इनासने."

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. उद्या माइकवर सांगून टाकू. काका आत आले, खुर्चीवर बसले, आणि पहिल्यांदाच सलग बोलले. इनास ग्रेशस, उत्तनचा. कंपनीत तात्पुरता घेतलेला, वय तेवीस. त्या एका सीझनपुरता खेळला. पुढच्याच वर्षी गुडघा गेला, खेळ गेला, म्हणून नोकरीही गेली. परत उत्तनला, बापाच्या बोटीवर. उद्याच्या कार्यक्रमाला काकांनी पाहुणा म्हणून फक्त त्यालाच बोलावलं होतं. आणि काल कुणीतरी फ्लेक्सचा फोटो त्याला पाठवला होता. काल संध्याकाळपासून तो काकांचा फोन उचलत नव्हता.

"माझ्याकडे चौदा वर्षं आहेत," काका म्हणाले. "त्याच्याकडे ते एक बास्केट आहे."

मी स्कूटरची किल्ली घेतली.

सहा फूट दोन इंचांचा माणूस स्कूटरवर मागे बसला की त्याचे गुडघे रिक्षावाल्यांना लागतात. रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला आलो, राई, मोर्वा, डोंगरी ही गावं करत उत्तन गाठेपर्यंत आम्ही तीन शिव्या खाल्ल्या, तिन्ही हिंदीत. "तुमच्या काळात फ्लेक्स नव्हते ते बरं," मी वातावरण हलकं करायला म्हटलं. काका मागून म्हणाले, "काल मी त्या फ्लेक्सखालून दोनदा गेलो. माझा एवढा मोठा फोटो, म्हणून लाजेने वर बघितलंच नाही. बघितलं असतं तर रात्रीच आलो असतो."

इनास समुद्राच्या बाजूला बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होता. उंच, जरा लंगडत चालणारा, डोक्यावर टोपी. आम्हाला बघितलं आणि पाठ फिरवून बोंबील अडकवत राहिला.

"आला काय हिरो?"

"इनास…"

"फ्लेक्स बघला तुजा. झ्याक हाय. मी कुटं हाय त्याच्यावर?"

"चूक माझी आहे," मी मध्ये पडलो. "लेख मी लिहिला."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. खाली यायला फार वेळ लागला नाही. "तू होतास काय त्या मॅचला?"

"मी तेव्हा जन्मलो नव्हतो."

"मंग तुला कसा दिसला रे?" त्याने काकांकडे बोट केलं. "ह्याने सांगला असंल म्हणून लिवला ना तू?"

इथे काकांच्या आवाजाची पट्टी बदलली. "मी असं सांगेन? मी?"

इनासने हातातला बोंबील खाली ठेवला. "मला काय म्हाईत. चौतीस वर्सं झाली. माणूस बदलतो. माझी नात हाय, मिशेल. तिला मी सांगतो, तुज्या आजान कप आणला. काल तो फोटो बघून मला विचारते, मग तू खोटा बोललास काय? काय सांगू मी तिला?"

मांडवाखालून एक मांजर निवांत चाललं होतं, त्याला तो खाली ठेवलेला बोंबील उचलायचंही सुचलं नाही.

मी म्हटलं, सगळ्या प्रती परत घेतो, ते पान नवं छापतो. काका म्हणाले, "नाही. नवं नाही छापायचं." मग त्यांनी मला समजावलं, कारण मी पीटीच्या सरांच्या छत्रीवर वाढलेला. स्कोअरशीटवर चूक झाली तर रेफ्री नवा कागद घेत नाही. चुकीवर एक रेघ मारतो, खरं काय ते लिहितो आणि शेजारी सही करतो. चूक दिसली पाहिजे आणि ती कुणी सुधारली तेही दिसलं पाहिजे. कागद बदलला तर उद्या कुणीही म्हणेल, मुळातच काहीतरी लपवलंय.

"मिशेलला बोलाव," ते इनासला म्हणाले.

दहा-अकरा वर्षांची मुलगी घरातून आली. काकांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, स्मरणिका माझ्या पाठीवर ठेवली (माझी उंची त्यासाठी बरोबर पडली), माझ्या लाडक्या वाक्यावर रेघ मारली आणि वर लिहिलं: 'बास्केट इनास ग्रेशस यांनी टाकलं.' शेजारी सही, तारीख. मिशेलने ते मोठ्याने वाचलं. मग विचारलं, "आणि तुम्ही काय केलंत?"

काका म्हणाले, "काही नाही. मी तिथे होतो."

"खोटारडा!" इनास ओरडला. "पास कोणी दिला रे? तिगं जण अंगावर होते ह्याच्या. मला पण दिसत नव्हतो मी, ह्याला दिसलो. लिव तो पण."

"स्कोअरशीटवर पासला रकाना नसतो, इनास."

"तुज्या शीटवर नसंल. ह्या पोराच्या पुस्तकात हाय ना जागा? लिव रे तू. आणि पास जरा खाली आला होता, ते पन लिव."

"खाली नव्हता."

"गुडघ्यावर होता!"

"छातीवर होता. तू उशिरा वळलास."

पुढची वीस मिनिटं ते दोघं एक्क्याण्णव सालात होते आणि मी बोंबील राखत होतो.

रविवारी इनास आला, मिशेलला आणि एक किलो सुके बोंबील घेऊन. शाल-श्रीफळ झालं. काका माइकवर दोनच वाक्यं बोलले: "मॅच इनासने जिंकली. जेवण तयार आहे." फ्लेक्सवर मी पांढरी पट्टी चिकटवली होती, तिच्यावर मार्करने दुरुस्ती. नाईकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग सुरू झाला माझा दंड. घरं शहाण्णव. रोज ऑफिसहून आलो की मी पेन घेऊन आणि काका चष्मा घेऊन, दारोदार. मी रेघ मारायची, नवं वाक्य लिहायचं: 'आत्माराम पवसकर यांनी पास दिला आणि इनास ग्रेशस यांनी बास्केट टाकलं.' काकांनी सही करायची. 'पास दिला' हे शब्द पहिल्या प्रतीपासून त्यांना खटकत होते, पण इनासला शब्द दिलाय म्हटल्यावर नाइलाज होता. लोक दारात उभे राहून चकित. "अरे अंकल, इसमें क्या फरक पडता है? टीम तो आपकी ही जीती ना?"

"फरक पडता है," काका म्हणायचे आणि सही करायचे. काही ठिकाणी पोहे मिळाले. एका घरात स्मरणिका चपातीच्या डब्याखाली होती, तिथे तेलाच्या डागावर सही आहे.

अकरा दिवसांत पंच्याण्णव घरं झाली. राहिलं एक. बी विंग, पाचवा मजला, मेहताभाभी. त्यांना लेख इतका आवडला होता, की शनिवारीच त्यांनी स्मरणिका भावनगरला आपल्या भावाकडे पाठवून दिली. 'हमारी बिल्डिंग के हीरो.' भाऊ म्हणे ती दुकानात काचेखाली ठेवून गिऱ्हाइकांना दाखवतो. दिवाळीत त्या माहेरी जातील तेव्हा आणतील. फोनवर फोटो पाठवून सांगितलं तर चालेल का, असं मी काकांना विचारून बघितलं. त्यावर सही कशी करणार, असं त्यांनी मला विचारलं.

आता लिफ्टमध्ये भेटले की ते इतर काही बोलत नाहीत.

"भावनगर?"

"अजून नाही, काका."