राणीच्या गळ्यात सवत नव्हती

मी निघाले त्या दिवशी आखाडा बाळापूरच्या फाट्यावर एवढी माणसं जमली होती, की थांबलेल्या ट्रकांची रांग पार कळमनुरीपर्यंत गेली. खोटं वाटत असेल तर ट्रकवाल्यांना विचारा, त्यातले दोघंतिघं अजून तिथंच असतील. निरोप द्यायला आले होते म्हणता? छे. बिजवराची बायको विलायतेला जाताना कशी दिसते, ते बघायला आले होते. तुम्हीही होतात त्यात. मी सगळ्यांची तोंडं लक्षात ठेवली आहेत.

आई सिद्धेश्वरहून आली होती. ती रडली नाही, एवढंच म्हणाली, "नांदाया चालली बाई तू, राज्य कराया न्हाई." आणि जीप सुटता सुटता सासूनं, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, काळ्या दोऱ्यातला टाक माझ्या गळ्यात घातला. ह्यांची, म्हणजे विलायतेत असलेल्या माझ्या नवऱ्याची, पहिली बायको, आमची थोरली, लग्नाला वर्ष व्हायच्या आत तापानं गेलेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात वागवायचा ही आमच्याकडची रीत, आणि त्या टाकाचं नावच सवत. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठसवलेली एक बाई. वजन म्हणाल तर क्विंटलभर. निदान मला तरी तेवढं लागलं.

हैदराबादच्या विमानतळावर यंत्र किंचाळलं. तपासणाऱ्या बाईनं गळ्याकडं बोट करून विचारलं, हे काय? मी खरं तेच सांगितलं, "मेरी सौत है." तिच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. म्हणाली, "सौत को निकालो, ट्रे में रखो." झालं. थोरली माझ्या चपलांशेजारी बसून त्या काळ्या बोगद्यातून पलीकडं गेली. मी चपला पायात घातल्या आणि तिला पर्समध्ये टाकलं. इथं आल्यावर पर्समधून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. मेलेल्या बाईचा पहारा गळ्यात बांधून फिरायला मी काय तिच्या घरची चोर होते?

आत्याबाई दर रविवारी फोनवर विचारायच्या, "सवत हाय ना बराबर गळ्यात?" मी म्हणायची, "हाय की." चेहरा दाखवून बोलायची सोय झाली तशी मी मफलर गुंडाळून बसू लागले, जूनमध्येसुद्धा. इथल्या थंडीच्या मी अशा कथा लावल्या, की इकडं चहा कपातच गोठतो आणि आम्ही तो चावून खातो, असं बाळापूरला अजून मानतात.

पुढं मला नोकरी लागली ती एका किल्ल्यात. किल्ला म्हणतात आपलं. औंढ्याच्या देवळाच्या आवारात असे दोन मावतील आणि वर बैलगाडी वळवायला जागा उरेल. एका जुन्या राणीचं हे माहेर. तिच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचं आणि लोकांना "हात लावू नका" म्हणायचं, एवढंच काम. तिचं नाव आपल्याकडच्या तोंडात बसत नाही, म्हणून घरी मी तिला 'दुसरी' म्हणू लागले. इथल्या एका राजानं सहा बायका केल्या, त्यातली ही दुसरी.

ही पोरगी फ्रान्सच्या दरबारात वाढलेली. तिथून काय आणलं, तर नखरे. परत येऊन पहिल्या राणीच्या हाताखाली लागली आणि राजा हिच्यावर भाळला. हिनं बजावलं, ठेवलेली म्हणून राहणार नाही, बसवायची तर गादीवर बसवा. त्या ढेरपोट्यानं पहिलीला सोडायसाठी सहासात वर्षं रोमच्या धर्मगुरूशी भांडण काढलं, आणि जमेना तसा सगळ्या मुलखाचाच धर्म फिरवला. आपल्याकडं एवढ्या कामाला चार पंच आणि एक जांभळाचं झाड पुरलं असतं. पहिलीला कुठल्याशा ओलसर घरात नेऊन टाकली, तिथंच ती झिजून मेली. आणि ती मेल्याची खबर आली तेव्हा ही दुसरी काय करते? तर पिवळेधमक कपडे घालून मिरवते, असं सांगतात. हळद लागल्यासारखी.

पुढं नशीब फिरायला कितीसा वेळ. एक पोरगी झाली, मुलगा काही जगेना. राजाची नजर हिच्याच हाताखालच्या बाईवर गेली, जशी पूर्वी हिच्यावर गेली होती. हिच्यावर पाच पुरुषांचं बालंट घेतलं, त्यात सख्खा भाऊ. मान कापायला फ्रान्सहून तलवारवाला मागवला, तेवढी मात्र हौस केली. पुरायला पेटी कोणी आणली नव्हती, म्हणून बाणांच्या खोक्यात घातलं. दुसऱ्या दिवशी राजानं तिसरीशी सोयरीक ठरवली. आता तिचं तोंड छापलेले कप आमच्या दुकानात विकतात, आणि माणसं हौसेनं त्यातून चहा पितात.

एवढी हुशार बाई, पण पहिलीचं झालं ते आपलंही होईल, एवढं तिला कळू नये? मी सात वर्षं त्या खुर्चीवर बसून तिला मनात शिव्या घातल्या. पगारी.

आठव्या वर्षी आत्याबाई आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, तुही राणी दाव. मी मफलर घेतला आणि त्यांना खोलीत नेलं. तसबिरीपुढं त्या इतका वेळ उभ्या राहिल्या, की मागं पंचवीस गोरे तुंबले. गळ्यात मोत्यांची माळ, माळेला एक सोन्याचं अक्षर.

"ते काय व्हय?"

"तिच्या माहेरच्या आडनावाचं पहिलं अक्षर, आत्याबाई."

"अन् सवत?"

"ह्यांच्यात न्हाई तशी रीत."

"मंग जाईलच की मान," आत्याबाई म्हणाल्या. "पहिलीला जागा ठेवली न्हाई, तर गळा रिकामाच ऱ्हाईल ना."

एका गोऱ्या म्हातारीनं विचारलं, आजी काय म्हणतात? मी सांगितलं, भारतातल्या मोठ्या इतिहासकार आहेत, दागिन्यांवर बोलताहेत. म्हातारीनं मान डोलावून वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग बाहेर बाकावर बसल्यावर आत्याबाईंनी माझा मफलर स्वतःच्या हातानं सोडला. ऊन मी म्हणत होतं. त्या रागावल्या असत्या तर मी दहा गोष्टी रचल्या असत्या, दोन तर तयारच होत्या. त्या नुसत्या म्हणाल्या, "कुठं ठिवली पोरीला?"

"पिठाच्या डब्यात."

"काहून?"

"मला वाटलं, तुमी तिचा धाक घालून राहिल्या मला."

"मेलेलं लेकरू कोणाला काय करतंय, बाई." त्यांनी मफलराची घडी केली, परत मोडली, परत केली. "तिला लई हौस व्हती इकडं याची. पासपोर्ट आला अन् आठ दिसांत पोरगी गेली. तू चालली तं म्हटलं, तुह्यासंगं ती बी पाहील."

तयार असलेल्या त्या दोन्ही गोष्टी मी तशाच गिळल्या. हे बाळापुरात कोणाला सांगू नका, विश्वास ठेवणार नाहीत. पहिलीला ओलसर घरात टाकली म्हणून ज्या राजाराणीच्या नावानं मी सात वर्षं बोटं मोडली, त्यांनी तिला निदान एक खिडकी तरी दिली असेल.

घरी आल्यावर डबा परातीत उपडा केला. थोरली काळी पडली होती, डोळ्यांत पीठ बसलं होतं. आत्याबाईंनी सेफ्टी पिनेच्या टोकानं ते हळूहळू काढलं, पदरानं तिला पुसलं आणि खिडकीशी नेली. खाली कचऱ्याचे तीन डबे आणि एक भिजकं मांजर, एवढाच देखावा.

"पाह्य बाई," त्या टाकाला म्हणाल्या. "हे विलायत."

तेव्हापासून ती माझ्या गळ्यात आहे, नोकरीवर घालायच्या लाल कोटावर, सगळ्यांना दिसेल अशी. कोणी विचारलं तर मी सांगते, ही आमची पहिली राणी. गावी येताना यंत्र अजून किंचाळतं. मी आपणच तिला काढून ट्रेमध्ये ठेवते, चपला मात्र दुसऱ्या ट्रेमध्ये.

मी सगळ्यांना काहीबाही सांगत असते, तिथल्यांना इथलं आणि इथल्यांना तिथलं. त्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण फाट्यावर जीपमधून उतरले, की आत्याबाई आधी माझ्या गळ्याला हात लावतात आणि विचारतात, "आल्या का दोघी?"

व्हय, म्हणते मी. तिथं मला खोटं बोलावं लागत नाही.