खरी तारीख

कोलशेतच्या आमच्या कारखान्यात फरशी पुसायचं फिनेल बाटल्यांत भरतात. कुठला माल कधी लागेल आणि तो कोणाकडून कधी यायला हवा, हे जुळवणं माझं काम. म्हणजे दिवसभर फोन करून लोकांचा जीव खायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचा.

या कामात खरी तारीख कोणी सांगत नाही. खोके शनिवारी लागणार असतील तर डोंबिवलीच्या खोकेवाल्याला मी बुधवार सांगायचो. त्यालाही ते ठाऊक, म्हणून तो मनात शनिवार धरायचा. त्याचा कागदवाला त्याच्यावर ताण. सगळे खोटं बोलायचे आणि माल वेळेवर यायचा. मला मात्र याचा वीट आला होता. रविवारी जेवतानाही डोक्यात त्याच तारखा. बायको म्हणायची, "तू बसलेला असतोस ना, तेव्हाही उभाच असतोस."

एकदा ठरवलं, खरं सांगून बघू. त्या खेपेला खोके बुधवारीच लागणार होते, म्हणून खोकेवाल्याला म्हटलं, बुधवारी सकाळी पाहिजेत. तो "हो, हो" म्हणाला. मंगळवारी संध्याकाळी विचारलं तर त्याने कागद कापायलाही घेतला नव्हता.

"अहो साहेब, खरंच बुधवार होता तर तसं बोलायचं ना," तो म्हणाला. "मी आपला शनिवार धरलेला."

बुधवारी खोक्यांवाचून पॅकिंग बंद. पॅकिंगच्या बायका ठेकेदाराच्या. काम नाही तर त्या दिवसाचा रोज नाही. दुपारपर्यंत फाटकाशी बसवून ठेवून ठेकेदाराने त्यांना घरी पाठवलं. मी फोन कानाला लावून आवारात येरझारा घालत होतो. राग खोकेवाल्याचा येत होता की स्वतःचा, तेच कळत नव्हतं.

कल्याणहून येणारी एक बाई माझ्यापाशी आली. "साहेब, उद्या काम आहे काय? एका घरी बारशाच्या पोळ्या लाटायला बोलावलंय. इथे नसेल तर तिकडे जाते. पण खरं सांगा."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "खोके आज निघाले तर आहे. टेम्पो शिळफाट्याला अडकला तर नाही."

"मग पोळ्याच बऱ्या," म्हणाली आणि गेली. कितीतरी दिवसांनी मला जरा हलकं वाटलं.

गुरुवारी पॅकिंग सुरू व्हायच्या आत टेम्पो आला. पॅकिंगकडे गेलो तर तिच्या जागी दुसरीच बाई उभी. ठेकेदाराला विचारलं, तर म्हणाला, "दांडी मारणारी बाई मला परवडत नाय. ही नवीन कायमची ठेवली." मी त्याच्याशी कडाकडा भांडलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी चहा मागवला.

दुपारी मीच तिला फोन केला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, बायका हसत होत्या.

"खोके आले काय साहेब?"

"आले."

"मग मी उद्या येते."

तुझी जागा गेली, एवढंच सांगायचं होतं. ते तोंडातून निघेना.

"उद्या नको," मी म्हणालो. "दोन दिवसांत बोलावतो."

"बरं," ती म्हणाली. बुधवारी मी तिच्याशी खरं बोललो होतो, म्हणून दोन दिवस म्हणजे तिने दोनच दिवस धरले. शनिवारी सकाळी ती डबा घेऊन फाटकाशी उभी होती.