बाहीला अंगठ्याचं भोक

मुंबईतलं कपडे डिझाइन करण्याचं काम सोडून, गळ्यात कॅमेरा अडकवून मी यवतमाळला परतले, तेव्हा बाबा म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस. त्यांना गप्प करायला एक तरी फोटो छापून यायला हवा होता. एका मासिकानं काम दिलंही: कापूस वेचणारी बाई, चेहरा दुःखी. नाही जमलं तर पुन्हा मुंबई, पुन्हा गळ्यात मापाचा टेप, असं घरात ठरलं.

दारव्ह्याजवळच्या एका शेतात गेले. कॅमेरा दिसताच बायांनी डोक्यावर पदर ओढले आणि माना खाली घातल्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कॅमेरा यायचा तो रडणं टिपायलाच, त्यामुळे त्यांना सवय झालेली. मासिकाला हवा तो चेहरा आयता मिळाला. मी फोटो काढला, पण मन काही लागेना.

तेवढ्यात समोरच्या काकूंची बाही दिसली. बोंडाची टोकं ओरबाडतात म्हणून लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट सगळ्याच घालतात. काकूंनी मात्र चादरीचा तुकडा जोडून बाही बोटांपर्यंत आणली होती, अंगठ्याला भोक ठेवलं होतं आणि त्याच्या कडेनं लाल दोऱ्यानं काजाचे टाके घातले होते. मी धावतच गेले, त्यांचा हात उलटसुलट करून पाहिला. लाल दोरा कशाला, विचारलं.

“तसाच. चांगला दिसते.”

मला कोण आनंद झाला! असे कपडे घालून मुंबईत पोरी रॅम्पवर कशा चालतात, ते मी तिथेच चालून दाखवलं आणि ढेकळात आपटले. मग काकूंनी कापसाची ओटी एका बाजूला सारली, कमरेवर हात ठेवला आणि माझ्यापेक्षा झोकात चालत आल्या. बाया हसून हसून खाली बसल्या. काकूही खदखदून हसल्या. रोल संपेपर्यंत मी बटण दाबत राहिले.

मासिकाला हसणाऱ्या काकूच पाठवल्या. फोटो परत आला. छान आहे, पण यवतमाळचा वाटत नाही, म्हणे.

तोच फोटो मी काकूंना नेऊन दिला. त्यांनी तो दारात उजेडाला धरला.

“मागं पेपरात आलता माहा फोटो. माह्या मायनंही वळखलं नाही मले. हा तिले दाखवाचा आहे.”

घरी आल्यावर मी टेप आईच्या शिवणाच्या डब्यात टाकला, काकू काय म्हणाल्या ते बाबांना सांगितलं आणि नव्या रोलसाठी बाबांपुढेच हात पसरला. त्यांनी खिशातून पैसे काढून दिले.