दगडावरचा हुद्दा

माझं शिक्षण मराठी तिसरी. माझ्या दोस्ताचं तेवढंही नव्हतं. आम्ही एकाच गावचे, एकाच दिवशी भरती झालो, आणि त्याला अक्षरओळख झाली ती पलटणीत. इंग्रजाच्या पलटणीत शिपायाला हिंदुस्थानी शिकवत, पण लिहायची सायबाच्या अक्षरांत, एबीसीडीत. त्यामुळे तो जन्मभर मराठीसुद्धा त्याच अक्षरांत लिहीत आला. मला आपली अक्षरं येत होती, पण त्याला वाचता आलं पाहिजे म्हणून मीही तसंच लिहायचो.

जर्मनची लढाई संपल्यावर तो गावी शेतीवर राहिला, मी पुण्याला एका कारखान्यात दरवान झालो. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचं पत्र यायचं. पोस्टमन हाक मारायचा, "हवालदार, तुमचं इंग्लिश पत्र आलंय!" आमच्या चाळीत तेव्हा ती अक्षरं कुणाला येत नव्हती. बायकोला तर कुठलीच नाही, आणि मुलगा इंग्रजी शिकला तोवर पत्रं ट्रंकेत कुलपात जात होती. म्हणून आम्ही दोघं मोकळेपणानं वाटेल ते लिहायचो. त्याचं प्रत्येक पत्र एकाच तऱ्हेनं सुरू व्हायचं, "शिपाईगडी, सलाम."

शिपाई म्हणायचा, कारण मी शिपाईच होतो. इटलीत मला लान्स नाईक केलं होतं, दंडावर एक फीत, नऊ दिवस. दहाव्या दिवशी सायबानं खेचरं ओढ्यातून पलीकडे न्यायला सांगितली. मी सगळ्यांदेखत म्हटलं, नेणार नाही, पाय मोडतील. फीत उतरवली. दुसऱ्यानं तीच खेचरं नेली आणि एकाचाही पाय मोडला नाही. सुटून गावी आलो तेव्हा मोटारीच्या थांब्यावर कुणीतरी "या हवालदार" म्हणालं. मी काही बोललो नाही. पुढे तेच नाव पडलं. मुलाच्या लग्नपत्रिकेतही ते छापलं.

बायको गेल्यावर मुलानं मला इकडे अमेरिकेत, फ्रीमाँटला आणलं. टीव्हीवर रोज इराकची लढाई चालायची. महाराष्ट्र मंडळातले लोक मला मुद्दाम विचारायचे, "हवालदारकाका, तुम्हाला काय वाटतं?" मीही सांगायचो. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. मुलगा ऑपरेशन करू म्हणायचा, मी म्हणायचो, इथं नको, गावी जाऊन करीन. का, ते मलाही सांगता आलं नसतं. नको म्हटलं म्हणजे नको.

एके दिवशी सूनबाई टपाल घेऊन आली. ती पुण्याची, कंपनीत कामाला.

"आबा, गावाकडच्या काकांचं पत्र. वाचून दाखवू?"

"तुला नाही वाचता यायचं. आमच्या पलटणीचं आहे ते."

तिनं पाकिटामागं लिहिलेल्या ओळीवरून नजर फिरवली आणि हसली. "अहो, हे तर आपलं मराठीच आहे, इंग्लिश लेटर्समध्ये. आम्ही ईमेल असंच तर लिहितो!"

पन्नास-साठ वर्षं जे दुसऱ्या कुणी वाचलं नाही, ते इथं कुणीही वाचू शकत होतं. मी पत्र हिसकावलंच तिच्याकडून.

"मी वाचीन माझं."

"दिसतंय कुठे तुम्हाला?"

"दिसतंय."

तीन आठवडे ते पत्र खिशात घेऊन फिरलो. भिंग लावून 'गवंडी' एवढा एक शब्द लागला. वाटलं, घराची भिंत घालतोय बहुतेक. मग एका दुपारी, ती घरूनच काम करत होती, तिच्या टेबलापाशी गेलो आणि पत्र पुढ्यात टाकलं. लपवण्याचासुद्धा कंटाळा येतो या वयात.

तिनं वाचायला सुरुवात केली. "शिपाईगडी, सलाम." थांबली. "शिपाई काय म्हणतायत? चेष्टा का?"

"पुढे वाच."

त्यानं लिहिलं होतं, "शाळेपुढं दगड बसवतायत. लढाईला गेलेल्यांची नावं, हुद्द्यासकट. जिवंत आपण दोघंच, म्हणून मला विचारायला आले. तुझ्या नावापुढं काय सांगू? तोंडानं तुला हवालदार म्हणत आलो, ते चालून गेलं. पण तिकडंच राहिली ती पोरंही या दगडावर येणार. त्यांच्या शेजारी खोटं लिहवत नाही. आणि शिपाई सांगावं तर तुझी अब्रू जाते. तू म्हणशील तसं करतो. लवकर कळव. गवंडी आठ दिवस थांबतो म्हणालाय."

वाचून झाल्यावर तिनं पाकीट उलटून पाहिलं. मग म्हणाली, "आबा, हे पत्र येऊन किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

बाकी काही विचारेना. मलाच राग आला. "विचार ना."

"काय विचारू?"

"हवालदार नव्हतो म्हणून."

"ते कळलं की," ती म्हणाली. "पण उत्तर काय द्यायचं? फोन लावू?"

"त्याला ऐकू येत नाही. आणि मधल्या माणसाकडून सांगायची ही गोष्ट नाही. लिही. एकच शब्द लिही. शिपाई."

तिनं लिहिलं. खाली सही माझी मी केली, कागदाबाहेर गेली असेल. रात्रीच्या जेवणाला मुलाला मीच सांगितलं. त्यानं आधी भात कालवून घेतला. मग "बरं" म्हणाला.

महिन्यानं उत्तर आलं. तिनं वाचलं.

"उशीर केलास, गड्या. गवंडी थांबेना. मीच सांगून टाकलं, हुद्दे नकोत, नुसती नावं घाला, मेलेल्याला कसला हुद्दा. लोकांना पटलं. काम झालं. आता तुझा शिपाई घेऊन मी काय करू?"

सूनबाईनं विचारलं, "आबा, काका कोण होते पलटणीत?"

"हवालदार."

"म्हणजे..."

"खरा. तीन फिती. मांडीत गोळी लागली तरी आपली दहा जणांची सेक्शन परत घेऊन आला, त्यावर मिळाली तिसरी."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "आता दुसरं लिही. म्हणावं, तुझ्या नावापुढं हुद्दा घालून घे. माझ्या नावापुढं शिपाई घाल नाहीतर काहीच घालू नकोस, पण तुझा घाल."

त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. "दगड भरला. नावं एकाला एक लागून आहेत, मधे अक्षर शिरत नाही. तू डोळ्यांचं बघ आधी."

मंडळात मी सांगून पाहिलं, मी हवालदार नव्हतो, शिपाई होतो. लोक हसले. "काका किती साधे," एक बाई म्हणाल्या. अजून हवालदारकाकाच म्हणतात. भांडायला आता दम नाही.

त्या आठवड्यात मुलाला म्हटलं, डॉक्टरची वेळ घे. त्यानं विचारलं, "इथं?" मी म्हटलं, इथं.