कोल्हापूरचं विमान सुटलं तेव्हा राहीआत्या शिरवळला होती

हे मी लिहिणारच नव्हते. टाईप केलं, पुसलं, परत केलं. विश्वजीतदादाचं घर आमच्या समोरच आहे, तो रोज दिसतो, आणि हे वाचलं की तो आमच्या दारात येऊन भांडणार हे मला पक्कं माहितीय. पण काल राहीआत्या आमच्या कट्ट्यावर बसली होती आणि तिच्याकडं बघून मला राहवलंच नाही. वाचू दे त्याला. आता मी थांबत नाही.

आष्ट्यात आमची आख्खी गल्ली तिला आत्या म्हणते, नात्यानं ती कुणाचीच आत्या नाही. साठीला आलेली बाई, उंचीनं एवढीशी, चालताना कायम कुणाच्या तरी मागं राहणार. माहेर तिचं विट्याकडचं. दोघीच बहिणी, थोरली अंबूबाई आणि धाकटी ही. अंबूबाईला गलाईवाल्यांच्यात दिलं, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायचं ज्यांचं काम असतं त्यांच्यात. त्यांचं दुकान पार तिकडं सिलिगुडीला. राहीआत्याला आष्ट्यात दिलं, टेम्पोवाल्याला.

लग्न झाल्यापासून राहीआत्या माहेरला गेली ती टेम्पोच्या सोयीनं. विट्याला भाडं लागलं की नवरा म्हणायचा, "चल, जाता जाता सोडतो." आणि येताना टेम्पो रस्त्यावर चालूच ठेवून हॉर्न मारायचा. हॉर्न वाजला की उठायचं. एकदा यात्रेला अंबूबाई सिलिगुडीवरनं आली होती, चुलीवर पोळ्या चालू होत्या, पहिली पोळी ताटात पडली आणि खाली हॉर्न. अंबूबाईनं पोळी पदरात बांधून दिली, राहीआत्यानं ती टेम्पोत खाल्ली. नवरा म्हणाला, "मलाबी दे की अर्धी." दिली. नवरा वारला, मग पोराच्या, विश्वजीतदादाच्या गाड्या आल्या, आधी मोटारसायकल, मग चारचाकी. गाडी बदलली, आत्याचं जाणं तसंच राहिलं. कुणाला तरी तिकडं काम निघालं की हिला न्यायचं, काम झालं की आणायचं. बहिणीच्या शेजारी झोपून रात्रभर बोलत बसणं लग्नानंतर तिला एकदाही मिळालं नाही.

औंदा अंबूबाईला पोटाचं दुखणं निघालं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, खाऊ वाटंल ते खाऊ घाला. ह्याचा अर्थ काय ते सगळ्यांना कळतं. अंबूबाईला खाऊ वाटत होतं हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज. तिची सून करायची, पण फोनवर ती राहीआत्याला म्हणायची, "राहे, हिच्या माडग्याला आपल्या आईची चव न्हाई गं. तू ये. तू कर. आणि आपण दोघी निजून बोलू. लय बोलायचं राहिलंय."

अंबूबाईच्या पोरानं, ऋषिराजनं, तिकीट काढून पाठवलं. कोल्हापूर ते मुंबई, मुंबई ते बागडोगरा. सिलिगुडीचं विमानतळ बागडोगऱ्याला आहे. आत्याच्या आयुष्यात तिच्या एकटीच्या नावावर निघालेलं ते पहिलं तिकीट. विश्वजीतदादाच्या मोबाईलवर ती ते रोज बघायला मागायची. "माझं नाव कुठं हाय रं त्यात?" असं विचारायची आणि दादा बोट ठेवून दाखवायचा. ऋषिराजनं फोनवर नीट समजावलं होतं.

"मावशी, बॅग कोल्हापुरातच त्यांच्या ताब्यात द्यायची. ती थेट बागडोगऱ्यात मिळणार. मुंबईत तू फक्त विमान बदलायचंस, मदतीला माणूस सांगितलाय."

"आणि बॅग मुंबईत कोण बदलणार?"

"त्यांची माणसं बदलत्यात."

"हां," आत्या म्हणाली. पण तिच्या मनात ते बसलं नाही. बॅगेत काय काय होतं! हुलग्याचं पीठ, शाळूचं पीठ, नवी चटणी, बेदाणा, आणि आईच्या दोन लुगड्यांची शिवलेली वाकळ. ती परक्या माणसांच्या हाती द्यायची आणि वर आपण मोकळ्या हातानं बसायचं? तिला घोर लागला. तेवढंच विश्वजीतदादाला पुरलं.

खरं कारण वेगळं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी खारघरला त्याच्या दोस्ताचा साखरपुडा होता. दादाचं कुपवाडला छोटं वर्कशॉप आहे, तो दोस्त म्हणजे त्याचं मोठं गिऱ्हाईक.

"कोल्हापूर ते मुंबई कशाला विमानानं?" दादा म्हणाला. "गाडी हाय की दारात. बॅग आपल्या नजरंखाली ऱ्हाईल. मुंबईत तुला विमानात बसवतो, तसाच साखरपुड्याला जातो. वाटंतच हाय."

"आरं पण तिकीट कोल्हापूरचं हाय न्हवं?"

"यष्टीचं कसं असतं? तिकीट सांगलीचं काढलं आन् साताऱ्यात चढलं तर कंडक्टर काय उतरवतोय व्हय? शीट आपलीच की. पैसे तर आधीच भरल्यात."

ह्यात चूक काय आहे हे आमच्या गल्लीत तरी कुणाला कळलं नसतं. मलाही नाही. इथं सगळे असंच करतात, पुढच्या थांब्यावर चढतात. ऋषिराजला सांगावं असं आत्याला वाटलं होतं, ती तसं बोललीही. दादा म्हणाला, "त्यात काय सांगायचं?" संपलं.

पहाटे निघाले. दादा, त्याची बायको शिवांजली, आणि मागं आत्या. डिकीत बॅग. आत्यानं जांभळं इरकल नेसलं होतं, साखरपुड्यासाठी नाही, आक्कासाठी, म्हणजे अंबूबाईसाठी. साताऱ्याला शिवांजलीचं माहेर. "जाता जाता" चहाला थांबले, चहाचा नाश्ता झाला, कंदी पेढे बांधून घेतले. मग शिरवळला दादाला मिसळ खायची हुक्की आली. मिसळीचं ताट पुढं आलं आणि दादाचा फोन वाजला. ऋषिराज. दादानं कट केला.

"आरं उचल की," आत्या म्हणाली.

"पोचल्यावर बोलू. पाव गार व्हत्यात."

परत वाजला. परत कट. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा दादानं फोन पालथा घातला आणि जादा तर्री मागवली.

विमानतळावर ते लय आधी पोचले. हेच आठवून आत्याला अजून भडभडून येतं. उशीर झाला असता तर एक वेळ समजलं असतं. पण घड्याळात वेळ होता, हातात बॅग होती, तिकिटावर नाव होतं. काउंटरवरच्या पोरीनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, परत बघितलं, आणि मग बॅग काट्यावरनं खाली घ्यायला सांगितली.

"मावशी, तुम्ही कोल्हापूरहून आला नाहीत?"

"आलो की. गाडीनं."

"विमानानं नाही आलात ना? पहिल्या विमानात प्रवासी बसला नाही, की पुढचं तिकीट आपोआप रद्द होतं."

दादाचा आवाज चढला. "आवं मॅडम, पैसे मोजल्यात आख्ख्या प्रवासाचे! निम्म्यातनं चढलो तर तुमचा फायदाच झाला की. यष्टीत तर..."

"दादा, ही एसटी नाही."

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. पोरगी वाईट नव्हती, तिनं सगळं शोधून बघितलं. आजचं विमान भरलेलं. उद्याच्या विमानात जागा होती, पण नवीन तिकीट काढायला लागणार.

तेव्हा राहीआत्या पुढं झाली. काउंटर तिच्या हनुवटीला लागत होता. ती म्हणाली, "बाई, मी उभ्यानं जाते. मला सवय हाय. माझी आक्का लय आजारी हाय गं."

आता कुणी हसलं नाही. त्या पोरीनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "तसं नसतं हो मावशी."

दादानं मग ऋषिराजला फोन लावला. तो पलीकडनं ओरडत होता, आत्याला सगळं ऐकू येत होतं. "आरं मावशी कोल्हापुरात विमानात बसलीच न्हाई असा मेसेज आला म्हणून फोन करत होतो! तवा ह्या विमानाच्या शिटा शिल्लक होत्या, तवाच दुसरं तिकीट काढलं असतं! आता ऐक. उद्याचं काढतो. मावशीला एक रात मुंबईत ठेव."

"कुठं ठेवू? आन् उद्या परत सोडायला कोण थांबणार? मला सकाळी कुपवाडला माल द्यायचाय," दादा म्हणाला. वर म्हणाला, "तुझ्याच तिकिटानं घोळ केलाय, तू न्हाई सांगितलंस. ऱ्हाऊ दे आता, पुढचं मीच काढतो."

"विश्वा," आत्या म्हणाली, "मी हितंच बाकड्यावर बसते. सकाळपातूर. तू जा."

"खुळी का काय तू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

हे बोलून त्यानं बॅग उचलली. आत्या जागची हलली नाही, थोडा वेळ. मग शिवांजलीनं तिचा दंड धरला आणि ती चालायला लागली, नेहमीसारखीच, मागनं.

तिथनं ते साखरपुड्याला गेले. होय, गेले. आक्काला भेटायला नेसलेलं इरकल नेसून राहीआत्या खारघरच्या त्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून होती. कुणीतरी हळदीकुंकू लावलं, कुणीतरी पेढा हातात दिला. एका बाईनं विचारलं, "पाव्हणं, लांबनं खास आलाय जणू?" तर म्हणाली, "व्हय, ह्यासाठीच आलतो." चारचौघांत पोराची मान खाली जाऊ नये म्हणून. पोरगा तिकडं दोस्ताच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होता.

तिकडं सिलिगुडीत अंबूबाईनं त्या दिवशी सकाळीच सुनेकडनं आंघोळ घालून घेतली होती, नवं पातळ नेसली होती, आणि शेजारच्या बंगाली बायकांना सांगितलं होतं, माझी बहीण विमानानं येतीया. ऋषिराजनं हे राहीआत्याला सांगायला नको होतं. पण त्याचाही राग कुठंतरी निघणारच की.

आत्यानं दुसऱ्या दिवशी बहिणीला फोन केला. अंबूबाईच म्हणाली, "रडू नगंस. विश्वाला बोलू नगंस, लेकरू हाय. पुढच्या खेपंला ये."

आणि मग सुरू झालं "पुढचं मीच काढतो." आधी वर्कशॉपची ऑर्डर. मग शिवांजलीच्या माहेरचं लग्न. मग "विमानं महाग झाल्यात, जरा उतरू देत." ऋषिराजनं परत विचारलं तर दादा म्हणाला, "म्हटलं न्हवं मी काढतो म्हणून? आमाला काय भिकारी समजतोस व्हय?" आत्या रोज संध्याकाळी दारात उभी राहून त्याची गाडी यायची वाट बघायची. तो आत आला की तोंडाकडं बघायची. विचारायची नाही. मला तिचा हाच राग येतो, ती विचारायची का नाही? मी तिला तसं म्हणाले पण. तर म्हणाली, "बाळ, विचारलं की तो चिडतोय, आन् चिडला की आणखी लांबणीवर टाकतोय." म्हणजे गप्प बसणं हाच तिचा प्रयत्न होता. फोनवर अंबूबाईचा आवाज बारीक होत गेला. शेवटी शेवटी ऋषिराजची बायको नुसता फोन कानाला लावून धरायची आणि राहीआत्या एकटीच बोलायची, लहानपणीच्या विहिरीचं, शेरडांचं, आईनं मारलेलं.

एका गुरुवारी फोन आला. संपलं होतं.

आणि आता बघा. विश्वजीतदादानं तासाभरात तीन तिकिटं काढली. कोल्हापूरवरनं! ह्या वेळी सगळं बरोबर. माल द्यायचा नव्हता, विमानं महाग नव्हती, वर्कशॉप बंद ठेवता येत होतं. माणूस गेल्यावर सगळ्यांना सवड कशी काय मिळते?

"आई, आवर," तो म्हणाला. "सकाळी निघायचंय."

आत्या तांदूळ निवडत बसली होती. "मी येत न्हाई."

"आं? सख्खी भन गेली आन् तू येत न्हाईस? लोक काय म्हणतील?"

"आक्कानं बोलवलं तवा तू न्हेलं न्हाईस. आता तिथं मला कोण बोलवतंय?"

"आई, तिकीट काढलंय! वाया जाईल!"

"जाऊ दे," ती म्हणाली.

आख्ख्या आयुष्यात तिनं त्याला पहिल्यांदा नाही म्हटलं ते हे. तो ओरडला, शिवांजली रडली, शेजारच्या बायका समजवायला आल्या, माझी आई पण गेली. आत्यानं तांदूळ निवडून संपवले, सूप ठेवलं आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. ती दोघं गेली. संध्याकाळी दादाचा स्टेटस होता, विमानाच्या खिडकीतनं ढग आणि खाली "मिस यू मावशी". खाली लोकांनी हात जोडले होते. मी फोन आदळला.

काल आमच्या कट्ट्यावर बसून तिनं हे सगळं सांगितलं, सावकाश, कुणाला नावं न ठेवता. शेवटी म्हणाली, "तिला काय लय बोलायचं राहिलं हुतं, ते मला आता कोण सांगणार गं?" चहा तसाच राहिला.

म्हणून मी तुम्हाला सांगतीय, उपदेश म्हणून नाही, हात जोडून. तुमचं पण कुणीतरी असेल, बहीण, मावशी, जुनी मैत्रीण, कुणीही, जे फोनवर "ये की गं" म्हणतं आणि तुम्ही "बघू" म्हणता. आज निघायला जमत नसेल तर उद्या निघा. कुणाची सोय बघू नका, कुणाला तिकडं काम निघायची वाट बघू नका. एकटे जा, यष्टीनं जा, उभ्यानं जायला लागलं तरी जा, पण ते माणूस बोलू शकतंय तोवर त्याला भेटा. लवकर भेटा.