चौकटीतली म्हातारी

कळंबच्या बसस्टँडवर एक काका रोज सकाळी माझ्या शेजारी बसायचे. मांडीवर वही, आणि एका थोर चित्रकारानं रंगवलेल्या म्हातारीचं जुनं कात्रण. कात्रणावर पेन्सिलीनं चौकटी आखलेल्या. एकेक चौकट ते वहीत उतरवायचे, खोडायचे, फुंकर मारून पुन्हा काढायचे. मला वाटायचं, काकांना चळ लागलाय.

"रोज हीच बाई कशाला काढता?" एकदा मी विचारलं.

"आईचा एकबी फोटो न्हाई. हिच्यावर हात बसला, की आईला काढायचं."

वर्षभरानं म्हातारी हुबेहूब उतरली. मीच घाई केली, "आता आईला काढा की!"

त्यांनी वही मिटली.

"डोळं मिटून लई बघितलं. आईच्या जागी आता हीच दिसती."