‘सुरू करा’ नावाची फाइल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही. एकदा सांगायला गेलो होतो—पण तोंडातून जे बाहेर पडलं ते हे नव्हतं. तेही सांगेन. पण आधी मला सुरुवात तर करता आली पाहिजे. हे लिहितानासुद्धा मी दोनदा उठून दाराची कडी लागली आहे का ते बघून आलो. घरात कोण येणार आहे वाचायला? कुणी नाही. तरी बघून आलो.

मी मेहकरला कॉम्प्युटर शिकवतो. बाजारातल्या एका गाळ्याच्या वर माझा क्लास आहे. गावात मला सर म्हणतात. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या दुकानातलं बिलाचं मशीन बंद पडलं, की मला फोन. मला ते आवडतं. आवडायचं—आता फोन वाजला की आधी कुणाचा आहे ते बघतो. कुणीतरी म्हणेल, सर, त्या जुन्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरबद्दल जरा विचारायचं होतं. अजून कुणी विचारलेलं नाही.

वहिनीबद्दल सांगतो. माझ्या मोठ्या भावाची बायको. नाव शालिनी, घरात शालू. माहेर रोहिणखेडचं. आमच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा मी शिकतच होतो. तिची स्मरणशक्ती म्हणजे—कसं सांगू? कुणाच्या लग्नात कुणी कोणत्या रंगाचं लुगडं नेसलं होतं, कोणती म्हैस कोणत्या सणाच्या आगेमागे व्याली, आमच्या बाबांनी वांग्याचं बी कुणाकडून आणलं होतं, सगळं तिला तोंडपाठ. घरात काही अडलं की माझी आई म्हणायची, शालूले विचारा. अशी माणसं असतात. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कारण ती रोज समोर असतात.

गावात एका डॉक्टर मॅडमचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. जुन्या केसपेपरांची एक खोली भरलेली, आणि त्या खोलीला वाळवी लागली. मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं आहे. इंटरनेट नको, बाहेर काही जायला नको, इथल्या इथं राहिलं पाहिजे. मी म्हटलं, होऊन जाईल. माझ्या तोंडी ते वाक्य नेहमीच तयार असतं.

मी एक छोटंसं सॉफ्टवेअर बनवलं. ते चालायला त्या एकाच कॉम्प्युटरवर दोन गोष्टी सुरू कराव्या लागत. एक सर्व्हर, जो स्क्रीनवर पानं दाखवतो. आणि दुसरा डेटाबेस, म्हणजे नोंदींचं कोठार. रोज सकाळी हे दोन्ही वेगवेगळं, नेमक्या क्रमानं सुरू करणं नवख्या माणसाला जमणारं नव्हतं. म्हणून मी बॅच फाइल लिहिली. नोटपॅडमधल्या पाच-सात ओळी. आधी डेटाबेस सुरू कर, थोडं थांब, मग सर्व्हर सुरू कर, मग पान उघड. तिला नाव दिलं ‘सुरू करा’ आणि डेस्कटॉपवर ठेवून दिली. डबल क्लिक केलं की एक काळी खिडकी क्षणभर उघडायची, आणि सगळं तयार. मॅडम खूष झाल्या. टायपिंगला विश्वासाचं कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि मी वहिनीचं नाव सांगितलं.

तिचं काम सोपं होतं. एक गठ्ठा घ्यायचा, त्यातला एकेक केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायचा. गठ्ठा संपला की मागच्या अंगणात नेऊन ठेवायचा. वाळवी पसरू नये म्हणून झालेले गठ्ठे जाळून टाका, असं मॅडमनी सांगितलं होतं.

वहिनी त्या दिवसांत वेगळीच दिसायची. सकाळी लवकर आवरून, केस घट्ट बांधून, डबा घेऊन निघायची. संध्याकाळी आल्यावर गौरीला—माझ्या पुतणीला—मांडीवर घेऊन सांगायची, आज किती बाळं चढवली म्हणून. केसपेपर नव्हे. बाळं.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, “भाऊजी, काल टाकलेलं आज दिसून नाही राह्यलं. काऊन असं?”

मी जेवत होतो. मान वर न करता म्हटलं, “सेव्ह नसन केलं.”

मग ती प्रत्येक नोंदीला दोनदा सेव्ह करायला लागली. पण गंमत अशी—गंमत कसली—कधी नोंदी राहायच्या, कधी जायच्या. कधी ती संध्याकाळी कॉम्प्युटर बंद न करता नुसता स्क्रीन बंद करून यायची, तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी. कधी भर दुपारी लाइन जायची, कॉम्प्युटर परत सुरू करावा लागायचा, आणि सकाळपासूनचं गेलेलं. कायम जागेवर असायचा तो फक्त पहिला गठ्ठा, जो मी स्वतः चढवला होता. म्हणजे माझं राहायचं, तिचं जायचं. याचा अर्थ तिनं काय लावला असेल?

पुढे एकदा तिचा फोन आला तेव्हा मी शिकवत होतो. तिनं तेच सांगितलं. पोरं समोर बसलेली, मला राग आला. मी म्हटलं, “वहिनी, मशीन इसरत नसते. माणूस इसरते.” पोरं हसली. मला वाटतं तिला ते हसू ऐकू गेलं असावं. त्यानंतर तिनं मला विचारलं नाही. मागे वळून कालच्या नोंदी बघणंही सोडलं. सरांनी सांगितलं म्हटल्यावर ती फक्त पुढं-पुढं टाकत गेली. आणि गठ्ठे जळत गेले.

जे सांगायचं आहे तिथं मी अजून आलो नाही. येतो.

एका दिवशी दुसरबीडकडची एक बाई हॉस्पिटलात आली. दुसऱ्या खेपेची, दिवस भरत आलेले. पहिल्या बाळंतपणात काहीतरी बिघडलं होतं, भुलीचं इंजेक्शन सोसलं नव्हतं, एवढंच तिच्या सासूला आठवत होतं. कोणतं इंजेक्शन, किती दिलं, हे केसपेपरवर होतं. केसपेपर जळलेला. कॉम्प्युटरमध्ये तिचं नावच नाही. मग मॅडमनी बाकीची नावं शोधली. पहिला गठ्ठा सोडला, तर काहीच नाही.

त्या बाईचं बाळंतपण सुखरूप झालं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मलाच पुढे लिहिता येणार नाही. पण ते व्हायचं होतं, तेव्हाच मॅडमनी मला बोलावून घेतलं होतं.

मी पोचलो तेव्हा वहिनी टेबलाजवळ भिंतीला टेकून उभी होती. मॅडम आवाज न चढवता बोलत होत्या, तेच जास्त वाईट होतं. “कागद गेले, आणि इथं काही नाही. मग हिनं इतके दिवस केलं काय?” एवढं म्हणून त्या आत त्या बाईकडे गेल्या.

वहिनी मला म्हणाली, “मी टाकलं होतं, भाऊजी. त्या दुसरबीडच्या बाईचं नाव बी मले आठवते. तिले मुलगी झाली होती.” मग माझ्याकडं बघून, “का मलेच तसं वाटून राह्यलं?”

मी खुर्चीवर बसलो. माझ्या कपाळावर घाम बघून ती म्हणाली, पाणी आणते. आणि गेली.

मी ‘सुरू करा’ उघडली. चालवली नाही, नोटपॅडमध्ये उघडली. ओळी बघितल्या. डेटाबेस सुरू कर. थांब. आणि त्याच्या खाली—

मॅडमना पहिल्यांदा सॉफ्टवेअर दाखवायचं होतं, तेव्हा मी एक जास्तीची ओळ घातली होती. दरवेळी सुरू करताना कोठार पूर्ण रिकामं करून त्यात मी चढवलेल्या पहिल्या गठ्ठ्याची साठवलेली प्रत भरायची. म्हणजे मॅडमनी खेळून काहीबाही टाकलं, तरी पुढच्या वेळी यादी स्वच्छ दिसावी. ती ओळ काढायची राहिली होती. कॉम्प्युटर सुरू केला की वहिनी त्या फाइलवर डबल क्लिक करायची आणि स्वतःच्या हातानं आपलं आधीचं सगळं काम पुसायची. मीच तिला तसं शिकवलं होतं.

हे मला दिसलं. शंका नव्हती, अंदाज नव्हता. स्पष्ट दिसलं. चूक कुणाचीही होते, असं तुम्ही म्हणाल. होते. तिथपर्यंत ती चूकच होती.

मी ती ओळ पुसली. फाइल सेव्ह केली, बंद केली. वहिनी पाण्याचा पेला घेऊन आली तेव्हा स्क्रीनवर काही नव्हतं. मी ते पाणी प्यायलो.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि हात जोडले. म्हटलं, “मॅडम, नवीन आहे ती, तिच्याकडून चुकलं. माझ्याकडं बघून सांभाळून घ्या.” वहिनी माझ्या शेजारीच उभी होती. तिनंही हात जोडले.

एवढंच. हेच ते.

तिचं काम सुटलं. घरी काय झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातही मी रोज जेवायला बसत होतो. तिची आई उतारवयात फार विसरायला लागली होती. चुलीवर दूध ठेवून शेजारी जाऊन बसायची, शेवटी शेवटी माणसंही ओळखेना. माझी आई एवढंच म्हणाली, “तिची माय बी अशीच होती.” वाईट हेतूनं नव्हे. हळहळून म्हणाली. पण वहिनीनं ते ऐकलं, आणि मला वाटतं, त्या दिवसापासून ती आपल्या विसरण्याची वाट बघायला लागली.

आता ती भाजीत मीठ घातल्यावर दुसऱ्या कुणाला चाखायला लावते. कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून परत येते. लग्नातल्या गोष्टी निघाल्या, कुणी तिला काही विचारलं, तर म्हणते, मले नका विचारू, माझा भरोसा नाही. आणि तिला आठवत असतं! मी तिच्या चेहऱ्यावर बघतो, नाव ओठापर्यंत आलेलं असतं, ती गिळून टाकते. शाळेत मदतनिसाचं काम चालून आलं होतं, नको म्हणाली. दादा कधी चेष्टा करतो. कधी मीही हसलो आहे त्या चेष्टेवर.

आणि मी? मी क्लासमध्ये बॅच फाइल शिकवतो. आधी डेटाबेस, थोडं थांबा, मग सर्व्हर. फळ्यावर लिहिताना दुसऱ्या ओळीनंतर माझा हात थांबतो. पोरांना वाटतं, सर आठवून राह्यले.

मधे आमची घरं वेगळी झाली; परवा गौरी माझ्याकडं आली. मोठी झाली आहे आता, बारावीला आहे. परीक्षेत येत असलेलं उत्तर ऐनवेळी आठवलं नाही म्हणून रडवेली झाली होती. मी समजूत घालायला लागलो, तर तिनं विचारलं, “काका, इसरणं आजीपासून आईले आलं, तसं मले बी येईन का?”

मी नाही म्हटलं. तिनं विचारलं, तुम्हाले कसं माहीत?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहिनीकडं गेलो. घरात आम्ही दोघंच होतो. ती तुरीची डाळ निवडत होती. मी वाक्य ठरवून गेलो होतो, पण सुरुवात केली आणि ते बदललं. मी म्हणालो, “वहिनी, त्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमधेच बिघाड होता. तुम्ही टाकलेलं खरंच पुसलं जात होतं.”

कॉम्प्युटरमध्ये. असं म्हणालो मी.

तिनं हात थांबवले. माझ्याकडं बघितलं, आणि हसली. “गौरीनं सांगितलं ना तुमाले? माझं मन राखाले बोलून राह्यले तुम्ही.”

मी म्हटलं, नाही, खरंच.

“बिघाड असता तर तुमाले त्याच दिवशी दिसला असता,” ती म्हणाली. “तुम्ही त्याच कामातले.”

तिनं परत डाळीत बोटं घातली. खाली बघतच म्हणाली, “तुम्ही माझ्यापाई मॅडमपुढं हात जोडले होते. मी बाकी सगळं इसरली असन, ते नाही इसरली.”

‘दिसला होता.’ दोनच शब्द म्हणायचे होते. ती समोर होती, मध्ये फक्त डाळीचं ताट.

मी म्हणालो, “येतो वहिनी, क्लासची वेळ झाली,” आणि उठलो. क्लासला अजून बराच अवकाश होता.